पदवी मिळाली की लगेच धंदा? आम्ही कॉलेजात मुलांना चुकीचं सांगतोय का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मी सांगलीत एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. गेली नऊ वर्षं उद्योजकता कक्ष माझ्याकडे आहे. 'नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा' हे वाक्य मी कितीतरी वेळा व्यासपीठावरून म्हटलंय, आणि मनापासून म्हटलंय.

गेल्या महिन्यात एक जुना विद्यार्थी भेटला. बी.कॉम. झाल्या झाल्या त्याने गावात पेव्हिंग ब्लॉकचा कारखाना टाकला होता. प्रकल्प अहवाल आम्ही दोघांनी माझ्या घरी बसून केला होता. खर्च २० लाख, त्यातले दोन लाख घरचे, बाकी पीएमईजीपीतून (पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेतून) कर्ज. ग्रामीण भाग म्हणून २५ टक्के सबसिडी. मशीन आलं, माल चांगला निघाला, ऑर्डरीही मिळाल्या. अडीच वर्षांत कारखाना बंद पडला. सिमेंट आणि दगडाची कच रोखीने घ्यायची आणि ब्लॉक ठेकेदाराला उधारीवर द्यायचे. ठेकेदार म्हणायचा, माझं बिल निघालं की तुझं देतो. त्याचं बिल मार्चमध्ये निघायचं. पावसाळ्याचे चार महिने रस्त्याची, अंगणाची कामं नसतात, हप्ता मात्र असतो. वडिलांनी विहिरीकडचा अर्धा एकर विकून बँकेचं मिटवलं.

तो आता एका फायनान्स कंपनीत वसुलीचं काम करतो. तक्रारीचा एक शब्द नव्हता त्याच्या तोंडी. जाताना एवढंच म्हणाला, "सर, आधी मला दोन वर्षं कुणाच्या तरी कारखान्यात बसवलं असतं तर बरं झालं असतं."

हे मनातून जात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी ३.४ टक्के, पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. म्हणजे शिकलेल्यालाच काम नाही. (न शिकलेल्याला रिकामं बसणं परवडत नाही, हाही त्याचा अर्थ आहे.) मग आम्ही या मुलांना सांगतो की स्वतःच काम निर्माण करा. देशापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न आम्ही एकवीस वर्षांच्या, कधी पगारपत्रकही न पाहिलेल्या पोराच्या खांद्यावर ठेवतो. हे बरोबर आहे का? ज्यांनी धंदा केलाय, कर्ज दिलंय किंवा बाहेरच्या देशांत हे पाहिलंय, त्यांनी कृपया लिहा.

गव्हाणी

सर, तुमच्या विद्यार्थ्याचं वाचून वाईट वाटलं. पण म्हणून धंदा करूच नका असं सांगू नका. आमच्याकडे प्रत्येक घरात एक पोरगं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला पेठेत अभ्यासिकेत बसलंय. पाच-पाच वर्षं. तेही शेत विकूनच चाललंय. ते कुणाला दिसत नाही, एवढाच फरक.

कृष्णाकाठ

मान्य. अभ्यासिकेतली वर्षं कर्जाच्या वहीत येत नाहीत, म्हणून ती कुणी मोजत नाही.

माजी शाखाधिकारी

मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीचशी ग्रामीण शाखांत. या योजनांची शेकडो प्रकरणं हाताखालून गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सबसिडी हातात मिळते असं मुलांना वाटतं. तसं नसतं. ती रक्कम कर्जदाराच्या नावाने बँकेत तीन वर्षं ठेवीसारखी पडून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर लागतही नाही. तीन वर्षं युनिट चालू राहिलं, तपासणी झाली, की ती कर्जात वळती होते. तुमच्या विद्यार्थ्याचा कारखाना अडीच वर्षांत बंद पडला, म्हणजे बहुधा ते पाच लाखही त्याला लागू झाले नसतील. सहा महिने तग धरला असता तर घराला अर्धा एकर विकावा लागलाही नसता. खेळत्या भांडवलाचं नियोजन कमी पडलं की असं होतं.

दुसरी गोष्ट योजनेच्या रचनेतच आहे. प्रकल्पात यंत्र, शेड असा भांडवली खर्च असावाच लागतो. त्यामुळे पोरगं अर्ज करायला निघालं की सुरुवात मशीनच्या कोटेशनपासून होते. आधी गिऱ्हाईक, मग माल, मग मशीन असा क्रम हवा. इथे तो उलटा होतो. मशीन विकणाराच प्रकल्प अहवालही करून देतो. त्यात पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८० असे आकडे ठरलेले असतात. मला आठवतंय, एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या तालुक्यांतले अहवाल आले होते आणि तिन्हींत वीजबिलाचा आकडा रुपयापर्यंत तोच होता.

आमचीही चूक सांगतो. लहान उद्योगाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. २००० सालापासून हमी देणारा ट्रस्टही आहे. तरी शाखेत तारण मागितलं जायचं, कारण कर्ज बुडालं की चौकशी कर्ज देणाऱ्याची होते. मग ज्याच्या बापाकडे जमीन आहे त्यालाच कर्ज, आणि ज्याच्याकडे हुन्नर आहे पण सातबारा नाही तो बाहेर. आर्थिक विकासाच्या गप्पा करताना हा मुद्दा कुणी घेत नाही. कर्ज हुन्नराकडे जातंय की सातबाऱ्याकडे, यावर पुढचं सगळं ठरतं.

अर्थातुराणां

(मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, विकसनशील देशांतल्या रोजगारावर वाचत असतो.)

तुमचा प्रश्न ट्युनिशियात प्रत्यक्ष तपासून पाहिला गेलाय. तिथेही पदवीधरांची बेकारी मोठी. २००९-१० मध्ये तिथल्या सरकारने शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुभा दिली की नेहमीच्या प्रबंधाऐवजी व्यवसायाचा आराखडा लिहून पदवी घ्या. सोबत प्रशिक्षण आणि मार्गदर्शक. अर्ज जास्त आले, म्हणून चिठ्ठ्या टाकून निवड झाली, आणि निवडलेल्या-न निवडलेल्यांची नंतर तुलना करता आली. वर्षभराने दिसलं ते असं: स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण किंचित वाढलं, पण मुळात ते इतकं कमी होतं की वाढूनही थोडेच झाले. आणि एकूण किती जणांना काम मिळालं यात फरक पडला नाही. जे धंद्यात गेले, त्यांना तसंही काहीतरी काम मिळालंच असतं.

त्याच देशात डिसेंबर २०१० मध्ये सिदी बूझीद गावात मोहम्मद बुअझीझी या फळविक्या तरुणाने स्वतःला पेटवून घेतलं आणि पुढे राजवट कोसळली. तो पदवीधर होता अशी बातमी जगभर गेली. तो पदवीधर नव्हता, शाळाही पूर्ण झाली नव्हती. पण लोकांनी ते लगेच खरं मानलं, कारण गाडा ढकलणारा पदवीधर प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाहिलेला होता.

याच्या उलट उदाहरण नायजेरियाचं. २०११ मध्ये तिथल्या सरकारने 'यूविन' नावाची व्यवसाय आराखड्यांची स्पर्धा घेतली. सुमारे २४,००० अर्ज आले, १,२०० विजेते ठरले आणि प्रत्येकाला सरासरी ५०,००० डॉलर मिळाले. कर्ज नाही, थेट अनुदान. पण एकरकमी नाही, चार टप्प्यांत, ठरलेलं काम झालं की पुढचा टप्पा. काही विजेते इथेही चिठ्ठीने निवडले, त्यामुळे तुलना शक्य झाली. तीन वर्षांनी पाहिलं तर विजेत्यांचे धंदे जास्त संख्येने टिकलेले होते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेले धंदेही त्यांच्यात बरेच जास्त होते. सुमारे ७,००० जादा रोजगार त्यातून उभे राहिले, असा अंदाज निघाला.

दोन्ही शेजारी ठेवून पाहा. ट्युनिशियाने शिकवलं, पण हातात भांडवल दिलं नाही. नायजेरियाने ज्यांच्याकडे गिऱ्हाइकाची काही समज होती अशांना मोठं भांडवल दिलं. देशाचा विकास हजारो एकट्या-दुकट्या धंद्यांतून होत नाही. दहा-वीस माणसं कामाला ठेवणाऱ्या थोड्या धंद्यांतून होतो. आपल्या योजना बरोबर उलट मोजतात: किती प्रकरणं मंजूर झाली.

गव्हाणी

५०,००० डॉलर म्हणजे त्या वेळचे २०-२५ लाख. फुकट. इथे कुणी दिले तर पहिला हार आमदाराला.

नैरोबीकर

मी १४ वर्षं केनियात आहे, पंप आणि सुटे भाग विकतो. माझी अर्धी गिऱ्हाइकं इथली शिकलेली तरुण पोरं.

इथे 'जुआ काली' म्हणतात, म्हणजे स्वाहिलीत तळपतं ऊन. छप्पर नसलेल्या जागेत उन्हात पत्रा ठोकणारे, वेल्डिंग करणारे. १९७२ मध्ये श्रम संघटनेचा केनियावर अहवाल आला आणि 'असंघटित क्षेत्र' हा शब्द जगभर चालू झाला, तो यांच्यामुळे. आज त्या उन्हात पदवीधरही आहेत. शिक्षणासाठी सरकारी कर्ज घेतलेलं असतं. ते थकलं की नाव कर्जदारांची पत नोंदवणाऱ्या संस्थांच्या काळ्या यादीत जातं आणि मग धंद्यासाठी कर्ज मिळत नाही. पदवीच आडवी येते.

सरकारने २०१३ मध्ये एक चांगलं केलं. सरकारी खरेदीतला ३० टक्के वाटा तरुण, स्त्रिया आणि अपंग यांच्या धंद्यांसाठी राखून ठेवला. पोरांनी कंपन्या नोंदवल्या, शाळेची बाकं, इस्पितळाच्या गाद्या पुरवल्या. माझ्याकडून पंप घेऊन गेलेल्या एका इंजिनिअर मुलीने एका काउंटीला (म्हणजे इथल्या जिल्ह्याला) पाण्याची योजना करून दिली. काम चोख. पैसे दोन वर्षं आले नाहीत. 'पेंडिंग बिल्स' हा शब्द इथे रोज वर्तमानपत्रात असतो. माझेही पैसे तिच्याकडे अडकले होते, पण मी तिला कधी दमात घेतलं नाही, कारण ती दर महिन्याला स्वतः येऊन कुठवर आलंय ते सांगायची.

सांगलीचा ठेकेदार आणि इथली काउंटी, दोन्ही ठिकाणी पोरगं एकाच जागी मेलं बघा. माल करता येत होता, विकताही आला. पैसे आले नाहीत.

लेथवाली

नैरोबीकर दादा, अगदी खरं बोललात. दोन दिवस वाचतेय, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कुपवाड एमआयडीसीत माझं मशिनिंगचं युनिट आहे. चार सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं), चौदा माणसं. कोल्हापूरच्या फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून पुढे पंपवाल्यांना देतो. मी बी.ई. मेकॅनिकल. पण पदवीनंतर लगेच युनिट काढलं नाही. सहा वर्षं दुसऱ्याच्या शॉपवर होते. पहिली दोन वर्षं तर फक्त इन्स्पेक्शन आणि डिस्पॅच. तेव्हा रडू यायचं की इंजिनिअर होऊन मी चलनं फाडतेय. आज सांगते, माझा धंदा त्या चलनांवर उभा आहे. कोणतं गिऱ्हाईक कधी पैसे देतं, कोण रिजेक्शनच्या नावाखाली बिल कापतं, कोणाचा परचेसवाला खरा, कुठली फौंड्री घाईत कच्चं कास्टिंग पाठवते, हे सगळं तिथे कळलं. पहिलं मशीन घेतलं तेव्हा तीन गिऱ्हाइकं नावानिशी ठरलेली होती.

आता पैशाचं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात लिहिलंय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. २०१७ पासून सरकारच्या 'समाधान' पोर्टलवर तक्रार करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) हवी, ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांनाच हे संरक्षण आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही.

मग आम्ही तक्रार का करत नाही? कारण तक्रार केली की ते गिऱ्हाईक गेलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे माझे अकरा लाख सात महिने होते. शॉपच्या लोकांचा पगार द्यायला मी बांगड्या ठेवल्या, तरी पोर्टलवर गेले नाही. सर, तुमच्या पोराने ठेकेदारावर तक्रार केली असती तर तालुक्यात दुसऱ्या ठेकेदाराने त्याला दारात उभं केलं नसतं.

२०२४ पासून मात्र थोडा फरक पडलाय. आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं. मुदत उलटली आणि वर्षअखेरीस पैसे बाकीच असले तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, कर भरावा लागतो. आता मार्च जवळ आला की त्यांचाच सीए फोन करून विचारतो, तुमची उद्यम नोंदणी आहे का, सूक्ष्म की लघु? पूर्वी मी हात जोडून उभी राहायचे. काही जणांनी यामुळे लहान युनिटला कामच देणं बंद केलं, तेही खरं आहे. पण माझे पैसे यायचे सरासरी दिवस ११० वरून ७० वर आले.

सर, तुम्ही विचारता मुलांना काय सांगायचं. आधी दुसऱ्याकडे काम करा, हे सांगा. यात कमीपणा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान टाकण्याआधी मुंबईत तंत्रशाळेत शिकवलं. माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली. आपल्या जिल्ह्यातलीच गोष्ट, रेल्वेने रोज तिथून जातो आपण.

माजी शाखाधिकारी

ताई, तुमच्यासारखं कर्जप्रकरण समोर आलं असतं तर मी तारण न मागता केलं असतं. तीन गिऱ्हाइकं ठरलेली असणं हे कुठल्याही सातबाऱ्यापेक्षा मोठं तारण आहे.

तासगावकर

एक वेगळा मुद्दा. सगळे कारखान्याचं बोलताय. आमच्या भागात बेदाणा आहे. कृषी पदवीधर पोरं शेतीच्या औषधांची दुकानं टाकतात, एका चौकात सात. सातही एकमेकांची उधारी वाढवून मरतात. नाशिकच्या मोहाडीला विलास शिंदे यांनी सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी केली. ते कृषी अभियांत्रिकी शिकलेले, आणि कंपनीआधी बरीच वर्षं स्वतः शेती करून, तोटा सोसून बसलेले. एका शिकलेल्या माणसाने हजारो शेतकऱ्यांची द्राक्षं एकत्र आणली. आमच्याकडे तसं का होत नाही, असं मी विचारतो तेव्हा पोरं म्हणतात, शेतकरी उत्पादक कंपनीचं अनुदान किती? तिथेच गाडी अडते.

टीवाय_सांगली

नमस्कार. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे (कृष्णाकाठ सरांचं कॉलेज नाही). घरी चप्पलचं दुकान आहे, मला पुढे लेडीज बॅग बनवायच्या आहेत. आम्हाला या सत्रात ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आहे, चार क्रेडिट. वर्गातल्या बहुतेकांनी ओळखीच्या माणसाकडून शिक्का मारून पत्र आणलं, मीसुद्धा मामाच्या मित्राकडून आणणार होते. सगळे लोक आधी काम करा म्हणताय, पण आम्हाला कामावर कोण घेतं? बी.कॉम. म्हटलं की डेटा एंट्री आणि चार-पाच हजार. राज्याच्या कार्यप्रशिक्षण योजनेत माझी बहीण गेली, पदवीधर म्हणून महिना दहा हजार मिळाले, पण तिला सरकारी कार्यालयात बसवलं. ती फायली लावायची. धंदा कुठे दिसला?

कृष्णाकाठ

बाळ, तुझा प्रश्न आत्तापर्यंतच्या सगळ्या चर्चेपेक्षा सरळ आहे. शिक्क्याची पत्रं माझ्याकडेही येतात. मी ती स्वीकारतो, कारण साठ मुलांना पाठवायला जागा नसतात. कालपासून मनात एकच येतंय. उद्योजकता कक्षातर्फे आम्ही वर्षाला दोन मोठी व्याख्यानं ठेवतो. यशस्वी माणूस येतो, संघर्ष सांगतो, टाळ्या होतात. तेवढ्याच खर्चात मला वर्षभर एमआयडीसीत फिरून जागा शोधता आल्या असत्या.

लेथवाली ताई, तुम्हाला एक विचारू? वाणिज्यच्या मुलीचा तुमच्या शॉपवर काही उपयोग होईल का? मशीनवर नाही, तुमच्या उधारीच्या वहीवर.

लेथवाली

होईल की. खरं सांगू का, माझ्याकडे येणं-बाकीची धड यादीच नाही. बिलं फाईलला आहेत, कुठलं बिल किती दिवसांचं झालं ते माझ्या डोक्यात. ४५ दिवस उलटले की पत्र जायला पाहिजे, ते कधीच जात नाही. मी दिवसभर शॉपवर असते. टॅलीवाला आठवड्यातून एकदा येतो, तो जीएसटीपुरता.

कुणी रोज चार तास बसून गिऱ्हाईकवार यादी केली, चलन, बिल आणि बँकेत जमा झालेले पैसे जुळवले, फोन केले, तर माझे निदान दोन-तीन लाख मोकळे होतील. आणि त्या पोरीला तीन महिन्यांत कळेल की पैसे कुठे आणि का अडकतात. महिना आठ हजार देईन. फुकट राबवणार नाही, कारण मला कुणी फुकट राबवलं नव्हतं.

माजी शाखाधिकारी

मी सांगलीतच असतो. आठवड्यातून एक दुपार येऊन बसेन. थकबाकीचा तक्ता कसा करायचा, बँक सी.सी. लिमिट (खेळत्या भांडवलाची कर्जमर्यादा) देताना काय पाहते, हे दाखवेन. ताईंची लिमिट वाढवायचं प्रकरणही त्यातूनच तयार होईल.

अर्थातुराणां

ट्युनिशियातल्या मुलांना आराखडा लिहायला शिकवला. इथे वसुली शिकवली जाणार. मला खरंच पाहायचंय, वर्षाने काय होतं ते. सर, नोंदी ठेवा, यश-अपयश दोन्हींच्या.

कृष्णाकाठ

ठेवतो. माझ्या कॉलेजातून दोन मुलं घेतो, टीवाय_सांगली यांच्या प्राचार्यांशीही बोलतो. या वर्षीच्या व्याख्यानांचा खर्च त्यांच्या बसपासला आणि माझ्या एमआयडीसीतल्या फेऱ्यांना वापरायची परवानगी मागितली आहे. पेव्हिंग ब्लॉकवाल्या त्या विद्यार्थ्यालाही फोन केला. वसुलीचं काम करतो, तर मुलांना पहिल्या दिवशी फोन कसा करायचा ते तूच सांग, म्हटलं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रविवारी मोकळा असतो, सर."

टीवाय_सांगली

लेथवाली ताई, मी येते. टॅली येतं, एक्सेल येतं. फोनवर पैसे मागायला भीती वाटते, पण शिकेन. घरी विचारलं, आई हो म्हणाली. दुकानाच्या उधारीची वही पण बघ म्हणाली.

लेथवाली

ये. बुधवारपासून. सकाळी साडेआठला शॉप उघडतं, कुपवाड नाक्यावरून रिक्षा मिळते. डबा आण, कॅन्टीन नाही आमच्याकडे. ओढणी घालून शॉप फ्लोअरवर फिरायचं नाही, आणि बूट हवेत, चप्पल चालणार नाही.